कोल्हापुरात चार दिवस, पाण्याच्या मागोमाग

मी लातूरची. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आमच्या गावात आली, तेव्हा शाळेतल्या मुलींना घेऊन मी ती बघायला गेले होते. दहा टाक्या, पाच लाख लिटर कृष्णेचं पाणी. त्या उन्हाळ्यापासून कुठल्याही गावाला गेले की मी आधी दोनच गोष्टी विचारते : इथं पाणी कुठून येतं, आणि वापरून झालं की कुठं जातं? शहर कसं चालवलं जातं ते या दोन उत्तरांतून जेवढं कळतं, तेवढं मला नागरिकशास्त्राच्या धड्यातून कधी शिकवता आलं नाही.

माझी मावसबहीण, आमची अक्का, कोल्हापुरात शिवाजी पेठेत दिलेली. तिच्याकडे आजवर जाणं झालं ते लग्नकार्यापुरतं. अंबाबाईचं दर्शन, रंकाळ्यावर भेळ, की परतीची गाडी. २०२४ च्या डिसेंबरात चार दिवस मोकळे काढले आणि ठरवून फक्त पाण्यामागं फिरले.

पहिला दिवस : पेठेतलं पाणी

रात्रीच्या बसनं सकाळी लवकर पोहोचले. दारात अक्का उभी. "आलीस व्हय? बस जरा, पाणी सुटलंय, एवढं भरतो आणि येतो." इथल्या बायका 'मी भरतो', 'मी जातो' असंच म्हणतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नवल वाटतं, मला मात्र ते ऐकलं की कोल्हापुरात आल्यासारखं वाटतं.

पाणी सोडणारा माणूस म्हणजे चावीवाला. लांब लोखंडी चावी घेऊन येतो, रस्त्यातल्या झाकणाखाली ती घालून फिरवतो आणि एका गल्लीचं बंद करून दुसरीचं सोडतो. नगरसेवक कोण हे गल्लीत एखाद्याला आठवणार नाही, पण चावीवाल्याची वेळ लहान पोरालाही पाठ असते. आणि नगरसेवक तर तेव्हा नव्हतेच. नोव्हेंबर २०२० ला महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, तेव्हापासून कारभार प्रशासकाच्या हाती होता. १९९३ साली अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीनं शहरांना निवडून आलेल्या सभागृहाचा हक्क दिला. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, घनकचरा, झोपडपट्टी सुधारणा अशी १८ कामं बाराव्या अनुसूचीत लिहून दिली. चार वर्षं सभागृहच नाही, तर ही कामं कुणाला विचारून होणार? मी दाजींना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "सायबाकडं अर्ज देता येतोय, बाई. पर नगरसेवकाच्या दारात रात्री दहाला जाऊन कडी वाजवता येत हुती." मला हा फरक फार मोठा वाटतो.

न्याहारीला मिसळ. कोल्हापुरात ती पावाच्या कापलेल्या स्लाइसबरोबर येते आणि कट वेगळा मागून घ्यायचा असतो. बाहेरून येणाऱ्यांनी पहिला कट थोडाच घ्यावा. झणझणीतपणा जिभेवर उशिरा चढतो. सकाळी दहाच्या आत गेलं तर बसायला जागा मिळते.

नंतर दाजींनी मला पेठांतून पायी फिरवलं, आणि मी जे बघायला आले होते ते पहिल्याच दिवशी समोर आलं. महाद्वार रोडजवळची कपिलतीर्थ मंडई बघा. मेथीच्या पेंढ्या, वांग्यांचे ढीग, तिखटाचे ठसके. ही मंडई ज्या जागी आहे तिथं पूर्वी तळं होतं. पुढं वरुणतीर्थ, तेही तळंच, बुजवून त्याचं गांधी मैदान झालं. रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम उभं राहिलं, जिथं आज पेठांच्या फुटबॉल सामन्यांना सारं शहर लोटतं. गांधी मैदानाच्या कडेला उभं राहून दाजी म्हणाले, "आमचा आज्जा हितं पव्हायला शिकला. आमी हितं क्रिकेट शिकलो." पावसाळ्यात या मैदानात पाणी साठतं आणि दरवर्षी लोक तक्रार करतात. मला वाटतं तक्रार करण्याआधी एकदा जागेचं जुनं नाव मोठ्यानं म्हणून बघावं.

संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो. म्हशी रस्त्याकडेला उभ्या, समोर धार काढून पेला हातात. फेसाळ, कोमट. भोवतालच्या गावांतून म्हशी घेऊन येणाऱ्या माणसांचा आणि शहराचा हा रोजचा व्यवहार कुठल्याही विकास आराखड्यात बसत नसेल, पण पेठा आणि खेडी एकमेकांत किती मिसळलेली आहेत ते इथं पेला धरून उभं राहिलं की कळतं.

दुसरा दिवस : रंकाळा ते सुतारवाडा

रंकाळ्यावर सूर्यास्ताला गर्दी असते. मी सांगेन, सकाळी साडेसहाला जा. डिसेंबरात शाल हवीच. पाण्यावर धुकं, मधे संध्यामठाचा दगडी मंडप, पलीकडं शालिनी पॅलेस. फिरायला येणारे आजोबा-आजी पदपथावर थांबून पाण्याकडं बघतात, आणि ते नुसतं सौंदर्य बघणं नसतं. 'आज रंग कसा आहे' हे बघतात. रंकाळ्यानं जलपर्णी सोसली आहे. इथले लोक तिला केंदाळ म्हणतात. मधली काही वर्षं हिरव्या शेवाळानं पाणी रंगासारखं दाट झालं होतं. कारण उघडं होतं : वाढत्या वसाहतींचं सांडपाणी श्याम सोसायटीच्या नाल्यासारख्या वाटांनी तलावात उतरत होतं. सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद असतं, म्हणजे शेवाळाला आयतं खतच. वरचं केंदाळ कितीही काढलं तरी खालून खत चालू असेल तर ते पुन्हा येणार. म्हणून नाले अडवून ते पाणी दुधाळीच्या प्रक्रिया केंद्राकडं वळवण्याचं काम झालं. फिरायला आलेल्या एका बाईंनी मला नाल्याचं तोंड बोटानं दाखवलं आणि पावसाळ्यात कुठून पाणी निसटतं तेही सांगितलं. त्या कुठल्या खात्यात नव्हत्या, तीस वर्षं रोज इथं चालतात, एवढंच. त्यांच्याकडून मी अर्धा तास नोंदी घेतल्या.

रंकाळ्याच्या शेजारी इराणी खण आहे. जुनी दगडाची खाण, आता पाण्यानं भरलेली. गणपतीत पंचगंगेऐवजी इथं विसर्जन करायचं, असं शहरानं हळूहळू स्वीकारलं. हे नुसत्या आदेशानं झालेलं नाही. निर्माल्यदान, मूर्तिदान यांसाठी संस्था आणि कॉलेजची मुलं वर्षानुवर्षं घाटावर उभी राहिली, तालीम मंडळांशी बोलणी झाली. कोल्हापुरात तालीम म्हणजे फक्त कुस्तीचा आखाडा नव्हे. गणपती, फुटबॉल, रक्तदान, महापुरात बोटी, सगळं तिथून हलतं. या शहरात काही बदलायचं असेल तर कागद महापालिकेत फिरतो, पण होकार तालमीत मिळतो.

दुपारी जेवायला तांबडा-पांढरा. पांढरा रस्सा आधी वाटीनं पिऊन घ्यावा, तो गार झाला की मजा जाते.

ऊन उतरल्यावर पंचगंगेच्या घाटावर गेले. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पाचवी सरस्वती, जी मानायची असते. या प्रयाग चिखलीला एकत्र येतात आणि पुढं ही नदी शहराला वळसा घालत नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. डिसेंबरात नदी शांत असते, घाटाच्या खालच्या पायऱ्या ओल्या आणि निसरड्या. चप्पल हातात घेऊन उतरा.

घाटापासून जवळच सुतारवाडा. पुरात शहरात पहिलं पाणी शिरतं ते या वस्तीत. घरं हलवायची वेळ आली की माणसं चित्रदुर्ग मठात जातात, हा क्रम इतका ठरलेला की भांडी कशी बांधायची याचीसुद्धा पद्धत पडलेली आहे. एका आजींनी मला घरात बोलावलं. चहा ठेवला आणि भिंत दाखवली. २०१९ चं पाणी कुठवर, २०२१ चं कुठवर. त्या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसं भेटली की 'कसं काय' च्या आधी 'किती फूट?' विचारतात, आणि उत्तर फुटा-इंचांत येतं.

आजींना मी विचारलं, दुसरीकडं घर दिलं तर जाल का?

"जाईन की. पर पोरगा हितं धा मिनटांत कामावर पोचतोय. लांब दिलं तर त्याच्या रिक्षाचं पैसं कोण देणार?"

पूररेषेचे नकाशे आहेत. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन वर्षांच्या अंतरानं दोन महापूर आले, तेव्हा या 'शंभर वर्षां'चा अर्थ मुलांना समजावणं मला अवघड गेलं होतं. ही शक्यता आहे, दर वर्षी शंभरात एक, पाठोपाठही येऊ शकते. पण नकाशावर रेषा ओढणं हा सोपा भाग. रेषेच्या आत कुणाची झोपडी आहे आणि कुणाच्या भरावावर इमारत आहे, दोघांना एकच माप लावणं हा कारभाराचा खरा कस. भराव टाकला की ते पाणी नाहीसं होत नाही, शेजारच्या गल्लीत जातं. आजींच्या भिंतीवर जातं.

तिसरा दिवस : पाण्याच्या उगमाकडं

दाजींच्या मित्राची गाडी मिळाली. ठरवलं की शहरातल्या नळापासून उलटं निघायचं, धरणापर्यंत.

आधी पुईखडी. शहराच्या कडेच्या या टेकडीवर जलशुद्धीकरण केंद्र आहे. दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून सुमारे ५३ किलोमीटर लांबीच्या नळातून पाणी इथवर येतं. कोल्हापूरकरांच्या तोंडी ही 'थेट पाइपलाइन'. तिची मागणी, आंदोलनं, मंजुरी, रखडलेलं काम, यात एक पिढी मोठी झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीत, पाणी पोहोचलं. त्याआधी शहर बालिंगा आणि शिंगणापूरच्या उपसा केंद्रांवर अवलंबून होतं. नदीकाठची ही केंद्रं महापुरात बुडायची, आणि मग शहराच्या चारी बाजूंना पाणी असताना प्यायला टँकर लागायचा. लातुरात नदी आटली म्हणून आम्ही टँकरपुढं उभे राहिलो. अक्का नदी दाराशी आली म्हणून. हे आम्ही दोघी फोनवर बोललो होतो आणि बराच वेळ दोघी गप्प होतो.

पुढं राधानगरीच्या रस्त्याला लागलो. ऊस तोडीचे दिवस, रस्त्यावर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर. वाटेत एका गुऱ्हाळावर थांबलो. कायलीतला पाक ढवळणाऱ्या गुळव्यानं पाक पाण्यात टाकून गोळी बघितली आणि 'आलं' म्हणाला, आणि क्षणात पाचसहा माणसं कायलीला भिडली. गरम काकवी पानावर घेऊन खाल्ली. गूळ घ्यायचा तर गुऱ्हाळावरच घ्यावा. रंग फार पिवळाधमक दिसला तर थोडा गडद बघून घ्या.

राधानगरी धरण. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर हे काम सुरू केलं, १९२२ मध्ये ते गेले, आणि धरण पूर्ण झालं ते स्वातंत्र्यानंतर. स्वतःच्या हयातीत पुरं होणार नाही असं काम हाती घेणं, त्यासाठी पैसा आणि दगड जमवत राहणं. याच राजानं १८९५ मध्ये गुळाच्या बाजारासाठी शाहूपुरी वसवली. पाणी, शेती, बाजार यांचा एकत्र विचार तेव्हा एका माणसाच्या डोक्यात होता. आज तो पाटबंधारे, महापालिका, जिल्हा परिषद, प्राधिकरण अशा वेगवेगळ्या टेबलांवर विभागला आहे.

धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला आलं की माणसानं हात न लावता उघडतात, पातळी उतरली की मिटतात. पावसाळ्यात शहरात 'राधानगरीची किती दारं उघडली?' असं विचारतात ते यामुळं. ते पाणी पुढं पंचगंगेत येणार असतं.

काळम्मावाडीकडं जाताना दाजींनी एकदम गाडी थांबवायला सांगितलं. रस्त्याच्या कडेला झाडीत गवा उभा होता. काळाभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. त्यानं आमच्याकडं बघितलं, मग सावकाश रस्ता ओलांडून उतारानं खाली गेला. गाडीत कुणी पाच मिनिटं बोललं नाही. राधानगरी अभयारण्य गव्यांचंच आहे. शहराचं पाणी धरून ठेवणारं जंगल तेच, त्याचा धनी आमच्या पुढून चालत गेला. या रस्त्यानं संध्याकाळी गाडी हळू चालवा आणि गवा दिसला तर खाली उतरू नका.

धरणावर सरसकट जाऊ देत नाहीत, परवानगी आधी काढावी लागते. आम्ही लांबूनच पाणी बघितलं. साठा सुमारे २५ टीएमसी, म्हणजे २५ अब्ज घनफूट. काठावरच्या जॅकवेलमधून, म्हणजे उपशाच्या विहिरीतून, पंपांनी उचललेलं पाणी दुसऱ्या दिवशी अक्काच्या घागरीत असणार होतं.

चौथा दिवस : वापरून झाल्यावर

येण्याची बाजू बघून झाली, जाण्याची राहिली होती. कात्यायनीच्या डोंगराकडून, कळंब्याच्या बाजूनं एक प्रवाह शहरातून वाहत पंचगंगेला मिळतो. सगळे त्याला जयंती नाला म्हणतात. जाणती माणसं आग्रहानं जयंती नदी म्हणतात आणि मीही यापुढं तेच म्हणणार. नाला म्हटलं की त्यात काहीही टाकायला मोकळीक मिळते.

नदीत जाण्याआधी जयंतीचं पाणी अडवून उपसतात आणि कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्राला पाठवतात. शाळेचं पत्र आधी पाठवलं होतं, त्यामुळं आत बघायला मिळालं. कुणाला जायचं असेल तर पंधरा दिवस आधी अर्ज द्या आणि बंद बूट घाला. केंद्राची क्षमता दिवसाला ७ कोटी ६० लाख लिटर. दुधाळीचं लहान, १ कोटी ७० लाखांचं. जाळीत आधी प्लॅस्टिक, चिंध्या अडकतात. मग वाळू खाली बसते. मग मोठ्या हौदांत हवा सोडतात, तिच्यावर जिवाणू वाढतात आणि घाण खाऊन टाकतात, गाळ तळाला बसतो. तिथल्या कामगारानं काचेच्या दोन बाटल्या शेजारी धरून दाखवल्या, आत येणारं आणि बाहेर जाणारं. पंप बंद पडले तर काय होतं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "मग सरळ नदी." म्हणजे हे सगळं वीज, देखभाल आणि वेळेवर बदललेल्या पंपांवर उभं आहे. उद्घाटनाला फीत असते, पंपाच्या बेअरिंगला नसते. याच नदीकाठी खाली इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची साथ पसरून माणसं दगावली. वरच्या शहरानं सोडलेलं पाणी खालच्या शहराच्या घागरीत जातं, हे तिथं कुणाला शिकवावं लागत नाही.

बावड्यालाच लाइन बाजारात 'झूम', म्हणजे कचऱ्याची जागा. तिथं वर्षानुवर्षांचे ढीग. मला जास्त बोलायचं आहे ते कचरा वेचणाऱ्या बायकांबद्दल. अवनि ही संस्था इथं त्यांच्यासोबत काम करते. मी ज्या ताईंशी बोलले त्या प्लॅस्टिकचे प्रकार हातानं ओळखतात. कुठलं विकलं जातं, कुठलं नाही, हे आवाजावरून सांगतात. "वला आणि सुका येगळा द्या म्हणावं बायकांस्नी," त्या म्हणाल्या, "आमची बोटं कापत्यात." अक्काच्या घरी त्या संध्याकाळपासून तिसरी बादली आली, काचेसाठी.

दुपारी माळकर तिकटीला उतरले. तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा. समोर महापालिकेची इमारत. नगरपालिका १८५४ ची, महापालिका १९७२ ची. शहराची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटर आणि महापालिका झाल्यापासून ती वाढलेली नाही. घरफाळ्याच्या खिडकीवर रांग होती. घरफाळा हा इथला शब्द, इतरत्र मालमत्ता कर म्हणतात. रांगेत टोलचा विषय निघाला. शहरातले सुमारे ४९ किलोमीटर रस्ते खासगी ठेक्यानं बांधून त्यावर टोल लावला, तेव्हा एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं पुढं होती आणि मागं सगळं शहर. डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाला. एक काका अभिमानानं सांगत होते. त्यांना मी विचारलं, मग रस्त्याला पैसा कुठून? ते जरा थांबले. "ह्यातनं," म्हणाले आणि हातातली घरफाळ्याची पावती वर धरली.

हद्दवाढीवर मात्र एकमत नाही. शहराला वाटतं भोवतालची गावं सुविधा वापरतात, तर आत यावं. गावांना वाटतं घरफाळा वाढेल, शेतावर आरक्षणं पडतील. तोडगा म्हणून २०१७ मध्ये ४२ गावांसाठी वेगळं विकास प्राधिकरण केलं. अक्काची नणंद शहराला लागून असलेल्या गावात दिलेली, तिच्याकडं चहाला गेले तेव्हा ती म्हणाली, "आमाला शेर नको न्हाई, पर आमचं आईकणारं कोणतरी पायजे." तिच्या घराचं सांडपाणी उघड्या गटारातून ओढ्याला आणि ओढा पंचगंगेला. हद्द वाढो न वाढो, हे पाणी आज रात्रीही त्याच नदीत जाणार आहे. त्याची मोजदाद आणि खर्च शहर आणि गावांनी आधी एकत्र बसून ठरवावा. हद्दीचं भांडण मागाहून करता येईल, असं माझं स्पष्ट मत झालं.

रात्रीची गाडी. पिशवीत गुळाची ढेप, अक्कानं बांधून दिलेली चटणी-भाकरी. शिरोलीच्या पुलावरून जाताना शेजारच्या प्रवाशानं खिडकीबाहेर हात केला. २०१९ ला हा हमरस्ता पाण्याखाली होता, तो ट्रक घेऊन कित्येक दिवस अडकून पडला होता, जवळच्या गावातल्या लोकांनी पिठलं-भात घातला.

मिरजेला गाडी चहाला थांबली. टपरीवाल्याला मी विचारलं, २०१६ ला पाण्याची रेल्वे भरायची ती कुठं? त्यानं यार्डाच्या दिशेनं बोट दाखवलं. "लातूरची का तुमी?" म्हणाला, आणि चहाचे पैसे घेईना.